पीसीचं पाणी बदलायच्या आधी तीन आकडे लिहून काढा

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये माझा पीसी रेंडर करताना (म्हणजे कॉम्प्युटरकडून व्हिडिओ किंवा चित्र बनवून घेण्याचं जड काम) ७९ अंशावर जायला लागला. आधी ६६ च्या आसपास असायचा. वॉटर कूलिंग लावलेलं आहे, म्हटलं पाणी खराब झालं असणार, मग रविवारी चहा झाल्या झाल्या खाली बैठक मारली, सगळं पाणी काढलं, नवीन कूलंट भरलं, पाइपातली हवा काढता काढता दुपार गेली, जेवण गार झालं, घरच्यांचं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी परत तेच रेंडर लावून बघतो तर किती? ७९. एक अंश इकडचा तिकडे नाही.

घाण पाण्यात नव्हतीच. रेडिएटरला लागून जे फॅन असतात ना, ते आणि रेडिएटरची जाळी ह्यांच्या मधे धुळीची चक्क गोधडी झाली होती. आमच्या समोर दोन वर्षं बिल्डिंगचं काम चालू आहे, खिडकी उघडी असते, अजून काय होणार. फॅन काढून ती गोधडी सोलली आणि रेंडर परत ७० वर. पाऊण तासाचं काम होतं, मी अख्खा रविवार आणि कूलंटची एक बाटली घालवली.

म्हणून हे लिहितोय. वॉटर कूलिंगची साफसफाई कशी करायची ह्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत पण त्यात थेट 'पाणी काढा' पासूनच सुरुवात असते, नेमकी घाण कुठे साचलीय हे आधी कसं ओळखायचं ते कोणी सांगत नाही. आणि ते उघडायच्या आधीच कळतं, आकड्यांवरून.

आधी हे चालतं कसं ते बघू, म्हणजे आकडे का बघायचे ते कळेल. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक ब्लॉक बसवलेला असतो, त्याला आतून खूप बारीक खाचा असतात. पंप त्या खाचांमधून पाणी ढकलतो, पाणी तापतं, पाइपाने रेडिएटरमध्ये जातं. रेडिएटर म्हणजे चपट्या नळ्या आणि त्यांच्या मधे नागमोडी दुमडलेली पातळ पत्र्याची पट्टी, गाडीला असतो तसाच पण छोटा. फॅन त्यातून हवा मारतो, पाण्यातली उष्णता खोलीत जाते आणि पाणी परत ब्लॉककडे. झालं. ह्यात फ्रिजसारखा कंप्रेसर कुठेही नाही, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. मेमध्ये नागपूरला खोली ४२ असेल तर पाणी ४२ च्या वरच राहणार, कितीही महागडा कूलर आणा. ह्याचा एक फायदा पण आहे, पावसाळ्यात पाइपावर दव धरून मदरबोर्ड भिजेल अशी जी भीती बरेच जण घालतात ती खोटी आहे, दव धरायला वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षा गार असावी लागते.

(आणि हे काही गेमिंगवाल्यांचं नवीन खूळ नाहीये. १९८५ चा क्रे-२ सुपरकॉम्प्युटर तर द्रवात बुडवून ठेवलेला होता, आणि आपल्या पुण्यात आयसर ह्या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म नावाचा जो सुपरकॉम्प्युटर आहे त्यालाही थेट द्रवानेच थंड करतात.)

तर उष्णता दोन उड्या मारते. पहिली प्रोसेसरमधून पाण्यात, ती ब्लॉकमध्ये. दुसरी पाण्यातून हवेत, ती रेडिएटरमध्ये. दोन उड्या म्हणजे तीन आकडे: खोलीचं टेम्परेचर, पाण्याचं टेम्परेचर, प्रोसेसरचं टेम्परेचर. नुसता प्रोसेसरचा आकडा बघून काही कळत नाही, ताप किती आहे एवढंच कळतं, आजार कुठला ते नाही. बघायचे असतात मधले दोन फरक.

माझंच उदाहरण घ्या. प्रोसेसर रायझन ५९०० एक्स, म्हणजे फुल लोडला १४२ वॉटपर्यंत खातो, आणि ३६० मिलिमीटरचा रेडिएटर. नवीन लूप, म्हणजे पंप, ब्लॉक, रेडिएटर आणि पाइपांचं सगळं चक्र, भरला त्या दिवशी खोली २८, पाणी ३६, प्रोसेसर ६६. म्हणजे खोली आणि पाण्यात ८ चा फरक (ह्याला पहिला म्हणू), पाणी आणि प्रोसेसरमध्ये ३० चा (हा दुसरा). आता एप्रिलमधला तो दिवस बघा: खोली ३२, पाणी ४९, प्रोसेसर ७९. पाणी ते प्रोसेसर फरक तोच, ३०! म्हणजे ब्लॉक ठणठणीत होता, प्रोसेसर आणि ब्लॉकच्या मधली थर्मल पेस्ट ठणठणीत होती, पाणी फिरत होतं. बिघडला होता तो पहिला फरक, ८ चा १७ झाला होता, म्हणजे पाणी आपली उष्णता हवेला देऊ शकत नव्हतं, म्हणजे रेडिएटर, म्हणजे धूळ. आकडे समोर स्क्रीनवर होते आणि मी पाना घेऊन बसलो होतो.

उलट ह्या फेब्रुवारीत काय झालं, खोली २६, पाणी ३४, प्रोसेसर ८४. पहिला फरक ८, एकदम व्यवस्थित. दुसरा ५०. म्हणजे उष्णता प्रोसेसरमधून पाण्यापर्यंत पोचतच नव्हती. अशा वेळी थर्मल पेस्ट वाळलीय किंवा ब्लॉक आतून तुंबलाय किंवा पंप मेलाय. ती गोष्ट पुढे सांगतो, त्यात मजा आहे.

आकडे घ्यायचे कसे? खोलीचा थर्मामीटर पीसीपाशी ठेवा, जिथून तो हवा आत खेचतो तिथे. प्रोसेसरचा आकडा एचडब्ल्यू-इन्फोसारख्या कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. पाण्याचा आकडा बऱ्याच एआयओ कूलरच्या (कंपनीतून सीलबंद भरून येणाऱ्या) स्वतःच्या अ‍ॅपमध्ये असतो, लिक्विड टेम्परेचर म्हणून, आणि स्वतः जोडलेला लूप असेल तर एका फिटिंगच्या जागी सेन्सरवालं बूच बसवता येतं, त्याची दोन पिनांची वायर मदरबोर्डवर लागते (सगळ्या मदरबोर्डवर ती जागा नसते, आधी बघून घ्या). मग सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण राबवणारं टेस्टचं सॉफ्टवेअर) किंवा तुमचं नेहमीचं रेंडर अर्धा तास लावायचं आणि शेवटचे आकडे लिहायचे. अर्धा तास का, तर पाणी सावकाश तापतं. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला ४१८० च्या आसपास जूल लागतात, तेव्हा १४२ वॉटने, फॅन पूर्ण बंद ठेवले तरी, मिनिटाला २ अंशच चढणार, आणि फॅन चालू असताना तर ते आरामात जागेवर येतं. दोन मिनिटांत टेस्ट बंद करून 'माझा तर ५५ वरच आहे' म्हणणारे भेटतात, त्यांचं पाणी अजून तापलेलंच नसतं.

ह्याच हिशोबातून अजून एक गोष्ट निघते. पंप मिनिटाला एक लिटर पाणी फिरवत असेल तर ब्लॉकमध्ये जाणारं आणि बाहेर पडणारं पाणी ह्यात फरक जेमतेम २ अंशांचा असतो. हाताला तो कळत नाही. म्हणून सेन्सर नसेल तर साधी युक्ती, लोडवर असताना दोन्ही पाइपांना हात लावा. दोन्ही सारखेच कोमट लागले तर पाणी फिरतंय. एक चटका देणारा आणि दुसरा गार, तर पाणी जागच्या जागी आहे, पंप तरी बंद पडलाय किंवा कुठेतरी तुंबलंय.

आता धूळ. ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची गोष्ट. पुण्या-मुंबईत कुठेही रस्त्याच्या बाजूला राहात असाल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा करायचीच. पीसी बंद, मागचा स्विच बंद, वायर काढलेली. फॅन रेडिएटरपासून सोडवायचे, कारण गोधडी नेहमी त्या दोघांच्या मधेच असते आणि बाहेरून बघितलं तर रेडिएटर चकाचक दिसतो, मी त्यालाच फसलो. आधी रंगकामाचा मऊ ब्रश, मग छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर, आणि हवा ज्या बाजूने येते त्याच्या उलट्या बाजूने मारायचा म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत जाते. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, भिरभिऱ्यासारखं फिरवायला मस्त वाटतं पण बेअरिंगची वाट लागते. पंक्चरवाल्याकडच्या कंप्रेसरने तर नकोच, त्या हवेत पाणी आणि तेल येतं आणि प्रेशरने ती नाजूक पट्टी आडवी होते.

आणि स्क्रू. फॅन लावायचे स्क्रू लांब असतात, रेडिएटर केसला लावायचे छोटे. माझ्या एका मित्राने परत लावताना लांबवाले थेट केसमधून रेडिएटरमध्ये पिळले, चौथा स्क्रू जरा घट्ट लागला म्हणून अजून जोर लावला, आणि स्क्रू नळीतून आरपार. काढला तसं पाणी पिचकारीसारखं. नवीन रेडिएटर. तेव्हा काढताना दोन वाट्या घ्या आणि स्क्रू वेगवेगळे ठेवा.

तो सीलबंद एआयओ कूलर असेल तर तुमचं काम इथेच जवळपास संपतं. त्यातलं पाणी बदलायला जाऊ नका. युट्यूबवर लोक करतात, पण त्यात बहुतेक वेळा रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा आणि ब्लॉक तांब्याचा असतो, हे दोन धातू एकाच पाण्यात असले की अ‍ॅल्युमिनियम गंजत जातं, बॅटरीचा सेल तयार होतो म्हणा ना, आणि ते होऊ नये म्हणून कंपनीने मोजून मापून केमिकल घातलेलं असतं. तुम्ही साधं पाणी भरलंत की ते संरक्षण गेलं. एआयओचं बाकी बघायचं ते एवढंच: दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदला, बायॉसमध्ये (पीसी चालू होताना उघडतं ते मदरबोर्डचं सेटिंग) पंप फुल स्पीडवर आहे ना बघा (बऱ्याच वेळा तो चुकून फॅनच्या सेटिंगवर असतो आणि प्रोसेसर गार असला की पंप पण झोपतो), आणि रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच आहे ना ते बघा. रबरी पाइपातून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडून जातं आणि त्याच्या जागी हवा येते, ती हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंपच असेल तर गुळगुळ आवाज येतो आणि पंप मरतो. ५-६ वर्षं चालला की त्याला हात जोडायचे आणि नवीन आणायचा.

स्वतः जोडलेला लूप असेल तर मात्र वर्षातून एकदा पाणी आणि दोन-एक वर्षांनी सगळं उघडणं आलं. आता फेब्रुवारीची गोष्ट.

दुसरा फरक ५० दाखवतोय म्हटल्यावर आधी सोपं ते केलं, पेस्ट बदलली. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने जुनी पुसली, मटारच्या दाण्याएवढी नवीन लावली. ८४ चे ८३ झाले. पंपाचा आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, नेहमीसारखा. उरला ब्लॉक.

पाणी काढायला खालच्या टोकाचा ड्रेन उघडला आणि दोन थेंब येऊन थांबलं, वरचं झाकण उघडायला विसरलो होतो, झारीच्या वरच्या भोकावर बोट ठेवल्यावर होतं तसंच. झाकण उघडलं तसं भडाभडा आलं. पीसी पुढे मागे कलता करून उरलेलं काढलं. हे पाणी मापाच्या भांड्यात काढा आणि किती निघालं ते बघा, मी भरलं होतं ९०० मिली, निघालं ८२०, बाकीचं रेडिएटरच्या पोटात असतं, म्हणून एकदा काढून भागत नाही, डिस्टिल्ड वॉटर भरून, फिरवून, परत काढायचं, असं निदान दोनदा.

निघालेलं पाणी काचेच्या ग्लासात घालून मागे पांढरा कागद धरा. हिरवट निळं झालं असेल (आणि तुम्ही तो रंग घातलेला नसेल) तर तांबं गंजतंय. काळे बारीक कण असतील तर रबर झिजतंय. बुळबुळीत आणि वास मारणारं असेल तर शेवाळ किंवा बॅक्टेरिया, म्हणजे कूलंटमधलं जंतू मारणारं औषध संपलं. माझं होतं दुधाळ, तांदूळ धुतल्याच्या पाण्यासारखं. तेव्हाच कळायला हवं होतं. ते पारदर्शक मऊ पाइपाचं असतं, प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते हळूहळू कोमट पाण्यात उतरतं आणि जिथे सगळ्यात अरुंद जागा असेल तिथे जाऊन साचतं. सगळ्यात अरुंद जागा म्हणजे ब्लॉकच्या खाचा.

ब्लॉक उघडायच्या आधी फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, कारण आत एक पातळ पत्र्याची फटीवाली पट्टी असते आणि ती उलटी बसली तर पाणी चुकीच्या जागी पडतं. स्क्रू आलटून पालटून समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करायचे. मी आईचं स्टीलचं ताट घेऊन त्यात उघडला. वरचं झाकण उचललं आणि आत बघतो तर खाचा दिसतच नव्हत्या. गार झालेल्या दुधावर साय धरते तशी पांढरट साय, सगळीकडे. नखाने ओढली तर सुरकुतली आणि एका तुकड्यात निघाली, हाताला ओल्या साबणाच्या चिपाटासारखी. आणि तिच्या खाली, आडव्या उजेडात धरल्यावर, खाचा दिसल्या. काय बारीक असतात! उवांच्या फणीचे दाते त्यांच्यापुढे जाडे वाटतील.

आई मागे येऊन उभी होती. म्हणाली, "अरे तांबंच आहे ना, चिंच लाव की, मी देते."

"अगं चिंचेचा चोथा अडकेल त्यात, मग तो कोण काढणार."

"मग लिंबू घे. पण ती पावडर बिवडर लावू नकोस हां, रेघा उठतात."

आईचं पावडरीचं अगदी बरोबर होतं. भांडी घासायची कुठलीही पावडर इथे नको, तिचे कण खाचांत बसतात ते बसतात. आंबट मात्र चालतं, तांब्याच्या तांब्याला जे चालतं तेच ह्यालाही. मी पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं घेतलं, पाच मिनिटं भिजवला, आणि मऊ टूथब्रशने खाचांच्या दिशेने घासला, आडवा नाही, नाहीतर खाचा वाकतात. मग एक थेंब भांड्याचं लिक्विड, परत ब्रश, आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने तीन-चारदा खळखळून. हे उघड्या तांब्याचं झालं हां. तुमचा ब्लॉक चंदेरी असेल तर तो निकेलचा मुलामा आहे, त्याला व्हिनेगर-लिंबू लावू नका, मुलामा सुटतो, त्याला नुसतं साबणाचं कोमट पाणी आणि ब्रश. आणि ब्लॉकचं झाकण किंवा टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर तिला अल्कोहोल अजिबात लावायचं नाही, पुसताना छान चमकते आणि नंतर केसासारख्या चिरा पडतात, मग गळती.

ओ-रिंग, म्हणजे कुकरच्या रिंगचं छोटं भावंड. कुकरची रिंग सैल पडली की शिट्टी होत नाही, ही सैल पडली की मदरबोर्डवर पाणी. काढून हातात घ्या, चपटी झाली असेल, चीर असेल तर बदला. खाचेत एक केस जरी आडवा राहिला तरी तिथून झिरपतं. बसवताना तिला थोडं कूलंटचं बोट लावायचं, व्हॅसलीन नाही, काही रबरं पेट्रोलियमने फुगतात. फिटिंग हाताने जेवढं घट्ट होतं तेवढंच करायचं, पक्कड लावलीत तर अ‍ॅक्रिलिकला तडा.

रेडिएटर आतून धुवायला डिस्टिल्ड वॉटर चांगलं गरम करायचं, उकळतं नाही, अर्धा रेडिएटर भरायचा, बुचं लावायची आणि ताक घुसळल्यासारखा पाच मिनिटं हलवायचा. पांढऱ्या भांड्यात ओता, कण दिसतील. कण दिसायचे थांबेपर्यंत परत परत. नवीन रेडिएटरला तर हे जास्तच लागतं, फॅक्टरीत डाग देताना वापरलेलं रसायन आत राहिलेलं असतं आणि तेच पहिल्या सहा महिन्यांत ब्लॉक तुंबवतं.

पाणी कुठलं? इथे सगळ्यात जास्त जुगाड चालतात. नळाचं किंवा बोअरचं पाणी नाही, बाथरूममधल्या गीझरची कॉइल कधी बघितली असेल तर का ते वेगळं सांगायला नको. घरच्या आरओचं पण नाही, त्यात क्षार कमी असतात पण असतात, टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) बुडवून बघा. लागतं ते डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड, मीटरवर शून्य किंवा एक-दोन दाखवणारं. गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं त्याचं काही ठरलेलं नाही, मी दोन कॅन आणले, एक मीटरवर १ निघाला, दुसरा ३८. मीटर लावल्याशिवाय घेऊ नका. आणि नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरूनही भागत नाही, त्यात गंज धरू न देणारं आणि जंतू मारणारं औषध लागतं, म्हणून सरळ तयार कूलंट किंवा त्याचं कॉन्सन्ट्रेट घ्या. रंग कमीत कमी. ते दुधी पेस्टल रंगाचे कूलंट दिसायला झकास असतात पण त्यात बारीक कण तरंगत असतात, ते खाली बसतात, आणि आत्ताच आपण सायीचं बघितलं. पाइप पण ह्या वेळी मी पारदर्शक सोडून काळा ईपीडीएम रबराचा घेतला. शोभा गेली. जाऊ दे.

भरताना पूर्ण पीसी चालू करायचा नाही, फक्त पंप. पॉवर सप्लायची मदरबोर्डची जाडी २४ पिनांची वायर काढून तिच्यातली हिरवी आणि कुठलीही एक काळी ह्यांना एका तारेने जोडलं की सप्लाय चालू होतो (हल्ली बऱ्याच वायरी सगळ्याच काळ्या असतात, मग १६ नंबरची पिन आणि शेजारची १७, नकाशा बघून करा), आणि त्याला बाकी काही न जोडता नुसता पंप जोडायचा. पंप कोरडा फिरवायचा नाही, त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी असतं. टाकी भरा, चार-पाच सेकंद चालू, बंद, परत भरा, परत चालू. मग पीसी डावीकडे उजवीकडे कलता करून बुडबुडे काढा, त्याला वेळ लागतो, दोन-तीन दिवस थोडे थोडे येतच राहतात, घाबरू नका.

प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर पंप चालू ठेवायचा. ओला डाग कागदावर लगेच दिसतो, धातूवर दिसत नाही. सायकलच्या पंपासारखा लीक टेस्टर मिळतो तो असेल तर अजून उत्तम, पाणी भरायच्या आधीच अर्धा बार हवा भरून अर्धा तास काटा बघायचा, खाली आला तर कुठेतरी गळतंय. आणि बाटलीवर 'वीज वाहत नाही' लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका, बाटलीत असताना खरं असतं ते, पण लूपमध्ये धातूंवरून फिरून आणि मदरबोर्डच्या धुळीत पडून ते वीज वाहायला शिकतं. पाणी सांडलंच तर आधी भिंतीवरचं बटण बंद, मग टिपून घ्यायचं, आणि दोन दिवस फॅनखाली वाळू द्यायचं. त्या दोन दिवसांत 'बघू जरा चालू होतंय का' करायचं नाही, बोर्ड जळतो तो ह्याच घाईत.

काढलेलं जुनं कूलंट तसंच बाल्कनीत वाटीत ठेवू नका. काहींमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरी चाटतात. बाटलीत भरून वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आमच्याकडे ती निळी बाटली भाच्याला सरबताची वाटली होती, वेळेत हातातून घेतली.

केसच्या आतल्या बाजूला मी कागदी टेप चिकटवून त्यावर आकडे लिहितो, तारखेसकट. पहिली ओळ २८-३६-६६. त्याखाली एप्रिलची, गोधडी काढल्यानंतरची, ३२-४०-७०. आता तिसरी, २६-३४-६६. पहिला फरक ८, सगळीकडे ८. दुसरा ३०, ३०, आणि ह्या वेळी ३२. साय काढली, पेस्ट नवीन, पाइप नवीन, पट्टी सुलटी बसलीय हे फोटो बघून दोनदा तपासलं. ते वरचे २ अंश कुठून आले ते अजून सापडलेलं नाही.